कार्बन मोनॉक्साइडचे आकडे आणि त्यांवरून काढलेला चुकीचा निष्कर्ष

थंडी वाढली की एक संदेश हमखास फिरू लागतो. त्यात म्हटलेले असते की, सरकारी आकडेवारीनुसार कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने मोजकीच माणसे दगावतात. धूर विरलेले निखारे निर्धोक असतात. खिडकीला फट आणि खोलीत पाण्याची बादली ठेवली की भागते. शंका आल्यास बोटाला ऑक्सिमीटर लावावा. आणि या वायूचा इशारा देणारा अलार्म हा विक्रेत्यांनी उभा केलेला बागुलबुवा आहे.

आधी आकडेवारी पाहू, कारण पुढची सारी बेफिकिरी तिच्याच आधारावर उभी आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रांच्या माहितीनुसार, आगीशी संबंध नसलेल्या अपघाती विषबाधेने त्या देशात वर्षाला ४०० हून अधिक मृत्यू होतात; पण याच विषबाधेमुळे तातडीच्या उपचार कक्षात धाव घेणाऱ्यांची संख्या १,००,००० च्या वर जाते. संदेशकर्त्याने पहिला आकडा उचलला आणि दुसरा सोयीस्करपणे गाळला. शिवाय अशा तक्त्यांत ओळखली गेलेलीच विषबाधा येते. डोकेदुखी, मळमळ आणि चक्कर घेऊन आलेल्या रुग्णाला फ्लूची औषधे देऊन घरी पाठवले, तर टी५८ या संकेतांकाखाली (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेसाठी असलेला क्रमांक) त्याची नोंद कधीच होत नाही. मुळात ही आकडेवारी ठेवली जाते ती धोका कधी आणि कशामुळे वाढतो हे कळावे म्हणून: हिवाळ्यात आणि मोठ्या वादळानंतर वीज गेली की रुग्ण वाढतात, हे तिच्यातून दिसते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये कडाक्याच्या थंडीत वीज गेली, तेव्हा ऊब मिळावी म्हणून लोकांनी कोळशाच्या शेगड्या घरात घेतल्या, गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवल्या, आणि शेकडो जणांना विषबाधा झाली.

निखाऱ्यांबद्दलचा दावा सर्वांत घातक आहे. धूर दिसत नाही तेव्हाही धगधगत्या कोळशाच्या थरात कार्बन डायऑक्साइडचा तप्त कार्बनशी संयोग होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतच असतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला जाग येण्याऐवजी गुंगी चढत जाते.

बादलीचे उत्तर एका वाक्यात देता येते: हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. खिडकीच्या फटीतून किती हवा येते-जाते हे वाऱ्यावर अवलंबून असते, आणि जनरेटर आत किंवा खिडकीलगत चालू असेल, तर सगळी दारे उघडूनही वायू साचू शकतो. जनरेटर घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून किमान ६ मीटर दूर ठेवावा.

ऑक्सिमीटरचा सल्ला तर दिशाभूल करणारा आहे. नेहमीच्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनपासून वेगळे ओळखता येत नाही. म्हणून माणूस अत्यवस्थ असताना पडद्यावर ९८ दिसू शकते. लक्षणे एकाच छताखालील अनेकांना एकदम जाणवली आणि बाहेर गेल्यावर ओसरली, तर सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत येऊन मदत मागवावी आणि डॉक्टरांना आपला संशय स्पष्ट सांगावा, म्हणजे रक्तातील कार्बॉक्सिहिमोग्लोबिन, म्हणजेच कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन, तपासले जाईल.

अलार्म विकणाऱ्यांचा नफा होतो, हे खरेच. परंतु इंद्रियांना न जाणवणारा वायू ओळखण्याचे घरगुती साधन तेवढेच आहे. अलार्म झोपण्याच्या खोलीजवळ असायला हवा. स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखणारे यंत्र त्याची जागा घेऊ शकत नाही. अलार्मच्या संवेदकाचे आयुष्य साधारण ५ ते १० वर्षे असते, आणि चाचणीचे बटण दाबल्यावर येणारा आवाज बॅटरी व भोंगा शाबूत असल्याचे सांगतो, संवेदकाचे नव्हे. म्हणून मागच्या बाजूला छापलेली मुदत पाहूनच तो बदलावा.