लसवंत कालवडीचा ‘पॉझिटिव्ह’ अहवाल: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप असा की देवणी कालवडीला सहाव्या महिन्यात ब्रुसेलाची (गाई गाभडवणाऱ्या जंतूविरुद्धची) लस टोचली, अकराव्या महिन्यात रक्ताची रोझ बंगाल चाचणी पॉझिटिव्ह आली आणि ठरलेलं गिऱ्हाईक माघारी गेलं. मग ‘लसीतल्या आणि रोगाच्या जंतूत ७०२ अक्षरांचा फरक’ हे माझ्या लेखातलं, जंतूच्या डीएनएच्या अक्षरांबद्दलचं वाक्य पशुपालकाच्या काय कामाचं? लसीनंच रोग दिला, असं तुम्ही म्हणता.

तुमचं नुकसान खरं आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. रोझ बंगाल जंतू शोधतच नाही. ब्रुसेलाच्या आवरणावर साखरेच्या घटकांची एक लांब साखळी असते. तिच्याविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं ही चाचणी पकडते. लसीतल्या एस-१९ या सौम्य केलेल्या जंतूवर ती साखळी शाबूत आहे, रोगाच्या जंतूवरही तीच आहे. लस लागू पडली तरी पॉझिटिव्ह, रोग झाला तरी पॉझिटिव्ह. चार ते आठ महिन्यांत टोचलेल्या बहुतेक कालवडींत ही प्रतिपिंडं हळूहळू ओसरतात, म्हणून १८ महिन्यांच्या आतल्या लसवंत कालवडीच्या अशा अहवालावरून सौदा मोडू नये. लस उशिरा, वय उलटून गेल्यावर टोचली तर मात्र ती फार काळ रेंगाळतात.

आता ७०२ अक्षरांकडे येतो. ब्रुसेला अबॉर्टस, म्हणजे गाईंमधल्या ब्रुसेलाच्या दोन गुणसूत्रांत मिळून डीएनएची सुमारे ३३ लाख अक्षरं असतात. एरिथ्रिटॉल हा पदार्थ गाभण गाईच्या वारेत भरपूर असतो आणि रोगाचा जंतू त्यावर पोसतो. एस-१९ मध्ये तो पचवणाऱ्या जनुकांचा ७०२ अक्षरांचा तुकडा गळालेला आहे. पचन अर्धवट राहून विषारी घटक साचतो आणि जंतूची वाढ खुंटते. मात्र लसीच्या सौम्यपणाचं सगळं श्रेय या एका तुकड्याला देता येत नाही. रोगाच्या जंतूत हीच जनुकं मोडून पाहिली, तरी उंदरांमध्ये तो सौम्य झाला नाही.

गोठ्याला याचा उपयोग होतो तो पीसीआरमध्ये, म्हणजे जंतूचा डीएनए तपासणाऱ्या चाचणीत. ब्रूस-लॅडर या पीसीआर चाचणीत ५८७ अक्षरांची पट्टी दिसली नाही तर जंतू एस-१९, दिसली तर बाहेरचा, म्हणजे लसीतला नव्हे. पण त्यासाठी जंतू हाती लागावा लागतो: गाभडलेल्या वासराच्या पोटातला द्रव, वार, योनीस्राव किंवा दूध. रक्ताचा नमुना यासाठी भरवशाचा नाही. गाय गाभडली तर हातमोज्यांशिवाय काही उचलू नका. नमुना पशुवैद्यकांनाच घेऊ द्या. तो बर्फात ठेवून प्रयोगशाळेत जायला हवा आणि उरलेलं सगळं चुना टाकून खोल पुरायला हवं.

तुमच्या कालवडीचं रक्त १८ महिने उलटल्यावर पुन्हा तपासा. तोवर कानातल्या बिल्ल्याच्या १२ अंकी क्रमांकावर लसीची तारीख नोंदली आहे ना, ते बघून घ्या. गिऱ्हाईकाला दाखवायला तोच पुरावा आहे. तेव्हाही पॉझिटिव्ह आली तर सी-एलायझा ही रक्ताची दुसरी चाचणी करा. ती लसीची प्रतिपिंडं बरीचशी वगळते, सगळी नाही. उलट बाजूही सांगतो. बाधित गाईची कालवड पहिल्या वेतापर्यंत निगेटिव्ह राहू शकते, त्यामुळे विकत घेताना आईचा इतिहास विचारावाच.

लस जिवंत जंतूची आहे, ही तुमची काळजी रास्त आहे. गाभण गाय तिनं गाभडू शकते, गोऱ्ह्याच्या वृषणाला सूज येऊ शकते. म्हणून ती फक्त मादी वासरांना, आयुष्यात एकदा. टोचताना सुई माणसाला लागली तर ताबडतोब डॉक्टरांना गाठून लसीचं नाव सांगावं. आरबी-५१ या दुसऱ्या लसीच्या जंतूवर साखळीच तयार होत नाही, त्यामुळे रोझ बंगालचा घोळ टळतो. पण तो जंतू रिफाम्पिसिन या प्रतिजैविकाला दाद देत नाही आणि माणसाच्या उपचारात तेच औषध वापरतात. आपल्या सरकारी मोहिमेत एस-१९ च आहे.

गोठ्यात उस्मानाबादी शेळ्याही असतील तर त्यांच्यात गाभडण्याचे प्रकार झाले का, ते जरूर कळवा. शेळ्यांमधली ब्रुसेला मेलिटेन्सिस गाईंनाही लागते, रोझ बंगालला ती वेगळी ओळखता येत नाही, आणि माणसाला सगळ्यात जास्त त्रास तीच देते.