अर्थिंगच्या पिनेला हात लावू नका

लॅपटॉपवरून ट्रॅक किंवा सॉफ्टवेअर वाद्यं वाजवणाऱ्यांमध्ये एक मेसेज सतत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: ‘चार्जर लावला की स्पीकरमधून घरघर येते, कारण लॅपटॉपचं साउंड कार्ड हलकं असतं. चार्जरच्या अर्थिंगच्या पिनेवर टेप गुंडाळा, घरघर बंद. नाहीच गेली तर भारी केबल घ्या, नाहीतर सरळ बॅटरीवर वाजवा.’ यातला एक सल्ला जिवावर बेतू शकतो, म्हणून हे लिहितोय.

आधी साउंड कार्डावरचा आळ. चार्जर लावलेलाच ठेवा, मिक्सरकडे (सगळे आवाज एकत्र करून स्पीकरला पाठवणाऱ्या यंत्राकडे) जाणारी केबल काढा आणि त्याच भोकात हेडफोन लावून ऐका. बहुतेक वेळा आवाज स्वच्छ असतो. केबल परत जोडली की घरघर हजर. कार्ड तर तेच आहे! झालं एवढंच, की लॅपटॉप आणि मिक्सर अर्थिंगच्या तारेने एकमेकांना आधीच जोडलेले होते, ते ऑडिओ केबलच्या जाळीने (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या वेढ्याने) दुसऱ्यांदा जोडले गेले. याला ग्राउंड लूप म्हणतात. या लूपमधून वाहणारा नको असलेला प्रवाह जाळीतूनही जातो, आणि हेडफोनच्या भोकातला सिग्नल अनबॅलन्स्ड (परतीची वाट जाळीतूनच असलेला) असल्यामुळे मिक्सर तो त्या जाळीच्याच आधाराने मोजतो. समजा जाळीचा रोध 0.1 ओहम आहे आणि तिच्यातून 10 मिलिअँपिअर वाहतायत. म्हणजे 1 मिलिव्होल्ट थेट गाण्यात मिसळला. 1 व्होल्टच्या सिग्नलपेक्षा तो 60 डेसिबल खाली असतो, पण दोन गाण्यांमधल्या शांततेत चांगला ऐकू येतो.

साउंडचेकला सगळे गप्प असताना मी स्क्रीनवरचं एखादं लांबलचक पान वर-खाली सरकवत राहतो. बोट हललं की स्पीकरमध्ये बारीक ची-ची उठते, बोट थांबलं की तीही थांबते. लॅपटॉपच्या आतला प्रवाह कामाप्रमाणे बदलतो, त्याचा हा माग. 50 हर्ट्झचा जाड हम (काही देशांत 60) विजेच्या लाइनचा असतो. 1000 हर्ट्झची सपाट शिट्टी असेल तर संशय यूएसबीवर घ्यावा, कारण तिथे दर मिलिसेकंदाला ठोका पडत असतो. आणि गाणं चालू असताना मधूनच टक-टक होऊन आवाज तुटत असेल, तर त्याचा विजेशी बहुधा संबंध नसतो. तिथे ऑडिओ सॉफ्टवेअरमधला बफर, म्हणजे आवाजाचा आगाऊ साठा, वाढवून बघा.

आता ती पिन. टेप लावली की लूप तुटतो, घरघर जाते, हे खरं आहे. म्हणूनच हा सल्ला इतका पसरतो. पण तुटते ती सुरक्षेची तार. चार्जरमध्ये लाइन आणि बाहेरची बाजू यांच्यामध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसलं की त्यांच्यातून झिरपणाऱ्या प्रवाहामुळे धातूच्या बॉडीला बोट लावल्यावर झिणझिण्या येतात. तेवढ्याने जीव जात नाही. पण आतलं इन्सुलेशन फाटलं तर तीच बॉडी जिवंत लाइन होते, आणि वाजवणाऱ्याचा एक हात लॅपटॉपवर, दुसरा माइकवर किंवा गिटारच्या तारांवर असतो. 1972 मध्ये स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी स्वान्झीच्या स्टेजवर माइकला हात लागताच विजेच्या धक्क्याने गेला. अर्थिंगमधला दोष स्टेजवर काय करू शकतो, याला आणखी पुरावा कशाला हवा?

भारी केबलबद्दल थोडक्यात: तुटकी केबल जरूर बदला, पण धड केबलच्या जागी महाग केबल लावल्याने लूप तसाच राहतो.

बॅटरीचा सल्ला तपासणीसाठी उत्तम आहे. चार्जर काढल्यावर आवाज गेला, तर वाट सापडली. पण उपाय म्हणून तो लंगडा. बॅटरीवर बरेच लॅपटॉप वेग कमी करतात आणि मग वर सांगितलेली टक-टक सुरू होते. शिवाय एचडीएमआयने प्रोजेक्टर जोडलेला असेल तर त्याच्या अर्थिंगमधून लूप पुन्हा पूर्ण होतो, चार्जर पिशवीत असला तरी.

तोडायचाच तर लूप ऑडिओच्या बाजूने तोडा. लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला स्टीरिओ डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला पोचवणारी छोटी डबी) लावा. त्यात सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो. ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं की फक्त ऑडिओ केबलची जाळी सुटते, विजेचं अर्थिंग जागेवर राहतं. बॅलन्स्ड आउटपुटचा (सिग्नल जाळीच्या नव्हे, दोन तारांमधल्या फरकाने नेणारा) ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरून जोडायचं साउंड कार्ड, असेल तर पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. बॉक्स हाताशी नसेल त्या दिवशी लॅपटॉप आणि मिक्सर एकाच विजेच्या बोर्डवर घ्या, लॅपटॉपचा व्हॉल्यूम आवाज न फाटता जितका चढेल तितका चढवा आणि मिक्सरचा गेन तेवढा उतरवा. सिग्नल दहापट झाला की घरघर त्याच्या तुलनेत 20 डेसिबल मागे पडते.