'स्पष्टवक्ता' यांस, रिकाम्या पिंजऱ्याबद्दल

नमस्कार. पोर्सेलीनच्या, म्हणजे चिनी मातीच्या जुन्या जर्मन बाहुल्यांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचली. चूक मान्य: या बाहुल्या घडवणारा शिल्पकार कँडलर जर्मनीतल्या माइसेनच्या पोर्सेलीन कारखान्यात १७३१ साली आला, माझ्या लेखात १७१३ पडलंय. तेव्हा तो जेमतेम सात वर्षांचा होता! दुरुस्त केलं, आभार.

पण "शोकेसमधल्या बाहुल्यांत अर्थ शोधणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग" हे वाक्य? असं कुणाच्या घरी जाऊन तोंडावर बोलता का हो?

एक तर या बाहुल्या शोकेससाठी घडल्याच नव्हत्या. अठराव्या शतकात जर्मन दरबारांत जेवणाच्या शेवटी गोडाचं टेबल सजे. त्यावर आधी साखरेच्या बाहुल्या असत, पुढे पोर्सेलीनच्या आल्या. पाहुणे हातभर अंतरावरून, तोंडात मिठाई घोळवत त्या न्याहाळणार, एकमेकांना कोपरखळ्या मारणार, हे ठरलेलंच. १७३८ साली पोप बाराव्या क्लेमेंटनं कॅथलिकांना फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघात जायला बंदी केली. मग 'मोप्स', म्हणजे पग कुत्र्याच्या नावानं एक गुप्त मंडळ निघालं. निष्ठेची खूण म्हणून पग, आणि बायकांनाही प्रवेश. कँडलरनं घेरदार झग्यातली, पगवाली बाई घडवली ती त्याच सुमारास. तुम्हाला तिथे नुसता 'क्यूट कुत्रा' दिसतो. दिसू दे बापडा.

आता पिंजरा. त्या काळच्या चित्रांत पिंजऱ्यातून उडालेला पक्षी म्हणजे मुलीचं गेलेलं कौमार्य. आमच्या आजीच्या कपाटात एक मेंढपाळीण होती, हातात दार उघडं पडलेला पिंजरा. करंगळी तुटलेली, फेविकॉलनं चिकटवलेली. दर शनिवारी तिची धूळ मी पुसायचे. "चिमणी कुठे गेली?" विचारलं की आजी हसून विषय बदलायची. त्या हसण्याचा अर्थ मला चाळिशीत कळला. गेली वीस वर्षं चोरबाजारात बाहुल्या उलट्या करून तळावरच्या निळ्या तलवारी, म्हणजे माइसेनची खूण, तपासतेय, त्यातल्या बहुतेक नकली निघतात तरी. तुम्ही किती उलट्या केल्यात?

राहिला तुमचा मुद्दा, की कारागीर छापील चित्रं समोर ठेवून मूर्ती घडवत, त्यांना अर्थाशी काय देणंघेणं. घडवत असतील. त्यावर नंतर कधीतरी.

आणि 'मॅडम' नको. नाव वरती लिहिलेलं आहे.