रुमाल बांधून टू-के क्लिअर फवारू नका: कँडी रंगाच्या त्या व्हिडिओला उत्तर

मॉडेल कारला कँडी रंग (धातूच्या थरावर पारदर्शक रंगाची छटा) द्यायचा ‘स्वस्त उपाय’ सांगणारा एक व्हिडिओ सध्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. कृती अशी: गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून टू-के क्लिअर (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारं चकचकीत पारदर्शक आवरण) आणि हार्डनर आणा, त्यात खायचा लाल रंग घाला, एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरनं पातळ करा आणि कुठल्याही सिल्व्हर म्हणजे चंदेरी रंगावर एकच भरपूर ओला कोट मारा. तोंडाला रुमाल पुरे, कारण एअरब्रशमधून, म्हणजे रंग फवारायच्या छोट्या पेनातून, उडतंच कितीसं! भाच्यानं तो मला पाठवून ‘मामा, सामान आणू का?’ असं विचारलं, तेव्हा गप्प बसणं शक्य नव्हतं.

आधी रुमालाचं बघू, कारण बाकीच्या चुकांनी फार तर एक बॉडी वाया जाईल. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे घातक रसायन असतं. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हनं गाड्या रंगवणाऱ्यांसाठी दिलेलं मार्गदर्शन स्पष्ट आहे: ही फवारणी करताना बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा, आणि फवारणी थांबली तरी हवा साफ होईपर्यंत तो उतरवायचा नाही. या फवाऱ्याचं बारीक धुकं नेहमीच्या उजेडात दिसत नाही, त्याला वासही येत नाही. म्हणजे ‘वास येत नाही, मग ठीक आहे’ हा आपला नेहमीचा हिशेब इथे चालत नाही. यातून दमा जडू शकतो, आणि शरीर एकदा संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनंही झटका येतो. रुमाल सोडाच, एन-९५ सुद्धा वाफ अडवत नाही. फ्लॅटच्या बाल्कनीत, घरात लहान मुलं असताना हे फवारायला सांगणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. १:२४ च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढ्या मॉडेलच्या बॉडीला टू-केची गरजच नाही. मिस्टर कलर जीएक्स-१०० किंवा तामियाचा टीएस-१३ हे खास मॉडेलसाठीचे, बिनहार्डनरचे क्लिअर पुरेशी चकाकी देतात. त्यांनाही सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज आणि धूळफिल्टर असलेला मास्क लागतोच, शिवाय हवा बाहेर फेकणारा पंखा.

खायच्या रंगाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तो पाण्यात विरघळणारा रंग आहे. लॅकर किंवा टू-के क्लिअरमध्ये तो मिसळत नाही, थेंब-गुठळ्या होऊन नोझलमध्ये अडकतो. पाण्यावर आधारित क्लिअरमध्ये मिसळला तरी उन्हात विटतो.

‘घरी मिसळता येतो’ एवढं मात्र खरं, तेवढं मान्य करतो. तयार कँडी घ्यायलाच हवा असं नाही. तामियाचे पारदर्शक रंग घ्या: एक्स-२२ क्लिअर ४ मिली, एक्स-२७ लाल ३ मिली, एक्स-२६ नारिंगी १ मिली आणि मिस्टर कलरचं लेव्हलिंग थिनर १० ते १२ मिली. सिरिंजनं मोजा आणि सगळ्या बॉडीला पुरेल एवढं एकदाच बनवा, कारण संपल्यावर तीच छटा पुन्हा जुळत नाही. गडद हवा असेल तर काळा घालू नका, पारदर्शकता जाते. एक्स-१९ स्मोक थेंबाथेंबानं घाला.

कुठलाही सिल्व्हर चालतो हेही चूक. खऱ्या गाडीच्या रंगातला ३० मायक्रॉनचा कण १:२४ च्या मापात पाऊण मिलिमीटरचा दिसतो, म्हणजे गाडीवर चमकी फासल्यासारखी. मॉडेलचा बारीक दाण्याचा सिल्व्हर वापरा. सफरचंदी लाल ऊबदार हवा असेल तर सोनेरी बेस.

आता तो एकच ओला कोट. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात गाड्या सजवणाऱ्या जो बेलननं कँडी अ‍ॅपल रेड हा लाल रंग गाजवला, तेव्हापासून रचना तीच आहे: खाली धातूचा थर, वर पारदर्शक रंग, त्यावर क्लिअर. उजेड रंगातून खाली जातो, धातूवर आपटून पुन्हा त्याच रंगातून वर येतो. त्यामुळे थर जिथे जाड, तिथे छटा गडद. ओला कोट दाराच्या फटींत आणि चाकांच्या कमानींत साचतो, कडांवरून ओघळतो. फटी काळपट, कडा फिक्या, मध्ये ढग. वरून टच-अप केला तर तोच ठिपका आणखी गडद होतो.

त्याऐवजी हे करा: ०.३ मिमी नोझल, हवेचा दाब १५ ते १८ पीएसआय, १० सेंटिमीटर अंतर आणि ५ ते ७ पातळ कोट, मध्ये १० मिनिटं. दारं, बॉनेट, आरसे सुटे असतील तर प्रत्येक कोट सगळ्यांना त्याच बैठकीत द्या. आधी त्याच सिल्व्हरच्या प्लॅस्टिक चमच्यांवर एक, तीन, पाच, सात कोट मारून मागे आकडा लिहून ठेवा.

एनसी थिनर एअरब्रश धुवायला उत्तम. मॉडेलच्या उघड्या पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकवर मात्र ते प्लॅस्टिकच खातं, पृष्ठभागावर जाळी पडते.

तामियाच्या एक्स मालिकेचे पारदर्शक रंग जाड झाले तर दिवसेंदिवस चिकट राहतात, म्हणून क्लिअरची घाई नको, दोन-तीन दिवस थांबा. लॅकर क्लिअरचे पहिले दोन कोट अगदी हलके, जवळजवळ कोरडेच मारा, नाहीतर खालचा लाल विरघळून पसरतो. पॉलिश पेपर लावायचा तो क्लिअर पूर्ण सुकल्यावर, क्लिअरवरच. कँडीला कागद लागला की तिथली जाडी कमी होते आणि कडेला सिल्व्हर डोकावतो.