ठाण्यापर्यंतची रेल्वे सोपीच होती

दरवर्षी १६ एप्रिल आला की आम्हा ठाणेकरांची छाती फुगते. बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी, १४ डबे, साहिब-सिंध-सुलतान ही इंजिनं, सगळं तोंडपाठ. अभिमान जरूर असावा. पण १८५३ चा तो ३४ किलोमीटरचा टप्पा सपाटीचा होता, हेही मान्य करा. रेल्वे बांधणाऱ्या कंपनीला ठाण्यात थांबायचं नव्हतं, घाटावरचा कापूस बंदरात आणायचा होता.

१८५४ ला खाडी ओलांडून, मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालत गाडी कल्याणला पोचली. (पारसिकचा लांब बोगदा १९१६ चा.) १८५६ ला खोपोली. १८५८ ला वर खंडाळा-पुणे सुरू झालं, पण मधला घाट तसाच. पाच वर्षं लोक खोपोलीला उतरून पालखीने नाहीतर बैलगाडीने खंडाळा गाठायचे आणि पुन्हा गाडीत बसायचे.

१८६३ ला बोरघाट जोडला गेला. २५ बोगदे, ऐन भरात ४० हजारांवर मजूर, आणि कॉलऱ्याने गेलेले हजारो. दुसरा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आला आणि थोड्याच दिवसांत वारला. पुढचं काम त्याच्या बायकोने, ॲलिसने, तडीस नेलं. ठाण्यात किती जणांना तिचं नाव ठाऊक आहे?

चढ १:३७. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. कर्जतला मागे बँकर, म्हणजे गाडीला मागून रेटणारी जादा इंजिनं, लावताना ‘कशाला वेळ घालवतात’ अशी कुरकुर डब्यात हमखास ऐकू येते. अहो, सगळी ओढ पुढच्या इंजिनावर टाकली तर अख्ख्या गाडीचा ताण पहिल्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यावर, येतो. मागून रेटलं की तो वाटला जातो, आणि कपलिंग तुटलंच तर मागचे डबे उताराला लागत नाहीत. पावसात रूळ ओले झाले की चाकं जागीच घसरतात, तेव्हा तर मागची इंजिनं हवीतच. वंदे भारतला ती लागत नाहीत, कारण तिच्या मोटारी गाडीभर विखुरलेल्या असतात.

खाली येणं त्याहून नाजूक. घाटात मेन लाइनमधून फुटून चढावर जाणारा बंद रूळ दिसतो, ती कॅच सायडिंग. सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सरकता रूळ, एरवी तिकडेच वळवलेला असतो. ड्रायव्हरने आधी गाडी थांबवून दाखवायची, मगच सांधा मेन लाइनकडे फिरतो आणि पुढे जायचा सिग्नल मिळतो. ब्रेक लागलेच नाहीत तर गाडी त्या चढावर जाऊन थांबते. तेव्हा घाटात गाडी थांबली की लगेच रेल्वेच्या नावाने बोटं मोडू नका, ब्रेकची परीक्षा चालू असते.