ओठ न हलवता ‘बिबवेवाडी’ म्हणून दाखवा

उन्हाळी सुट्टी आली की पुण्यातल्या पालकांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरू लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, सार तेच. शब्दभ्रम (बाहुलीला बोलतं करण्याची कला, इंग्रजीत व्हेंट्रिलोक्विझम) म्हणजे पोटातून बोलणं. तसा गळा काहींनाच जन्मजात मिळतो. अशा माणसाला आवाज हवा तिथे फेकता येतो. ओठ न हलवता बोलता आलं की कला आली, आणि त्यासाठी २१ दिवस रोज घसा आवळून सराव केला की पुरे. शेवटी एखादी भारीतली बाहुली विकत घ्यायचा सल्ला. ‘जन्मजात’ आणि ‘२१ दिवसांत’ ही दोन्ही विधानं एकाच मेसेजमध्ये गुण्यागोविंदाने नांदतात, याचं कुणालाच काही वाटत नाही. मी वाढदिवसांना आणि सोसायट्यांच्या गणपतीत बोलक्या बाहुल्यांचे छोटे कार्यक्रम करतो. त्यामुळे हा मेसेज मला दर वर्षी कुणी ना कुणी ‘हे खरं का हो?’ म्हणून पाठवतंच. तर एकदाच सविस्तर उत्तर.

पोटाचं आधी उरकू. फुप्फुसातली हवा बाहेर पडताना स्वरतंतू थरथरतात आणि आवाज तयार होतो. माझा, तुमचा आणि शब्दभ्रमकाराचाही. प्राचीन ग्रीसमध्ये माणसाच्या पोटात शिरलेला आत्मा बोलतो असं मानत, त्या समजुतीचं शेपूट अजून वळवळतंय एवढंच. पोटाचे स्नायू श्वास सांभाळायला मदत करतात, पण ते तर कीर्तनकारालाही लागतात.

आवाज फेकण्याचंही तसंच. बालगंधर्वला किंवा भरत नाट्य मंदिरात कार्यक्रम असला तर माइक असतो, आणि आवाज येतो स्पीकरमधून. म्हणजे कलाकाराच्या तोंडातूनसुद्धा नाही! तरी बाहुलीच बोलली असं शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाटतं. आवाज कुठून आला हे ठरवताना मेंदू कानापेक्षा डोळ्यांवर जास्त भरवसा ठेवतो. हलतं तोंड दिसलं की आवाज तिथलाच धरतो. डोळे मिटून ऐका, सगळा भ्रम उतरतो. पेटीतून किंवा दाराआडून आल्यासारखा आवाज काढायचा असतो तेव्हाही कलाकार तो नुसता दबका आणि बारीक करतो, आणि स्वतः त्या दिशेला कान देऊन उभा राहतो. निम्मं काम त्या उभं राहण्याचं असतं.

आता ओठ. इथे मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, म्हणून जरा थांबतो. मराठीतली बहुतेक व्यंजनं ओठांना न विचारता निघतात. दात किंचित विलग ठेवून, ओठ सैल सोडून ‘काका’, ‘आजी’, ‘ताई’, ‘आत्या’ म्हणून बघा. पहिल्या दिवशी जमेल. ‘डेक्कन’ आणि ‘कात्रज’ही जमतील. अडतं ते प, फ, ब, भ, म आणि व यांच्यापाशी. तिथे पर्यायी ध्वनी वापरावे लागतात: प ऐवजी त, ब ऐवजी द, भ ऐवजी ध, म ऐवजी न. इंग्रजीत शिकवणारे हेच सांगतात, पण मराठीत त्यात एक गोची आहे. ‘बाबा’चे ‘दादा’ होतात आणि ‘मामा’चे ‘नाना’. नात्यांचा सगळा घोळ! शिवाय बाहुल्याला सर्वात जास्त लागणारा शब्द ‘मी’, आणि तोच नेमका ओठांचा.

मग करायचं काय? द म्हणायचा, पण जीभ वरच्या दातांमागे नेहमीपेक्षा जरा पसरून, दाब धरून, मनात ब ठेवून. तोच शब्द आधी कलाकाराने आपल्या तोंडी घ्यायचा (‘बाबा आले का रे?’), म्हणजे बाहुला ‘दादा आले’च्या जवळपास काही म्हणाला तरी लोक ‘बाबा’च ऐकतात. यात श्रोत्याचा मेंदू आपल्या बाजूने असतो. १९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावरचे ओठ ‘ग’ म्हणत होते, ऐकवलेला आवाज ‘ब’चा होता, आणि बहुतेक मोठ्या माणसांना ऐकू आला ‘द’. डोळा कानाला इतका फिरवू शकतो. म्हणूनच ब-म आला की बाहुल्याचा जबडा नेमका मिटवायची सवय लावून घ्यावी. नवखे लोक जबडा नुसता फडफडवत राहतात.

‘बिबवेवाडी’ ही माझी आवडती परीक्षा आहे, चार ओठी व्यंजनं एका दमात. ‘औंध’ सोपं वाटतं, पण त्यात ओठांचा चंबू होतो. उ, ओ, औ हे स्वर जीभ मागे घेऊन काढायला शिकावं लागतं, हे मेसेजवाल्यांच्या गावीही नाही. सोपे शब्द शोधून संवाद लिहिणं ही पळवाट चालते, पण कायमची नाही. महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलेल्या दोन बाहुल्यांची नावं बघा: अर्धवटराव आणि आवडाबाई. एकात दोन व, दुसरीत व आणि ब.

पण हे सगळं आलं म्हणजे कला आली, हा मेसेजमधला सर्वात घातक दावा. एडगर बर्गन हा अमेरिकन शब्दभ्रमकार १९३७ पासून जवळजवळ दोन दशकं कुठे गाजला, तर रेडिओवर. जिथे ओठही दिसत नाहीत आणि बाहुलाही! त्याचे ओठ हलतात यावर त्याचा बाहुला चार्ली मॅकार्थी स्वतःच त्याला टोमणे मारायचा. लोक ऐकायचे ते चार्लीचा आगाऊपणा. उलट टोकाचं उदाहरण आपल्याकडचं. ‘झपाटलेला’ सिनेमातल्या तात्या विंचूचा बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्यांचा, आवाज अभिनेते दिलीप प्रभावळकरांचा. तिथे शब्दभ्रमाचा प्रश्नच नव्हता. १९९३ साली पोरं घाबरली ती त्याच्या वळणाऱ्या मानेला आणि नजरेला.

म्हणून माझ्याकडे कुणी शिकायला आलं की मी आधी विचारतो, बाहुल्याला कशाचा राग येतो? उत्तर नसेल तर ओठांचा सराव राहू दे. मोबाइलवरचे विनोद बाहुल्याच्या तोंडी घातले की तो स्पीकर होतो. माझ्या नाना नावाच्या बाहुल्याचा हा तुकडा बघा. मी विचारतो, ‘नाना, सोसायटीची मीटिंग कशी झाली?’ नाना गप्प. हळूच मान पहिल्या रांगेकडे वळते, परत माझ्याकडे येते. ‘सेक्रेटरी आलेत का आज?’ ‘हो, समोरच बसलेत.’ पुन्हा मान तिकडे, मग सरळ. ‘छान झाली.’

हशा पिकतो. नानाच्या दोन्ही वाक्यांत ओठ लागणारं एकही अक्षर नाही, आणि विनोद तर वाक्यात नाहीच. तो त्या दोन वेळा वळलेल्या मानेत आहे, आणि मी खरोखर उत्तराची वाट बघत असल्यासारखा थांबतो त्यात आहे. ते थांबणं मला सर्वात उशिरा जमलं. स्वतःच्याच पुढच्या वाक्याचं आश्चर्य वाटल्यासारखा चेहरा करायचा, शिवाय बाहुला बोलत नसतानाही त्याला लाकडासारखा पडू द्यायचा नाही. आरसा यात फार उपयोगाचा नाही, कारण आपण आपल्याच ओठांकडे बघत बसतो. फोन समोर ठेवून चित्रीकरण करा आणि नंतर आवाज बंद करून बघा. बाहुला विचार करताना दिसतोय का, तेवढंच तपासायचं.

भारीतल्या बाहुलीबद्दल फार लिहायची गरज नाही. अमेरिकन शब्दभ्रमकार शारी लुइसची लॅम्ब चॉप ही मोज्यासारखी हातात घालायची साधी बाहुली होती. सेन्योर वेन्सेस हा स्पॅनिश शब्दभ्रमकार तर स्वतःच्या मुठीवर लिपस्टिकने ओठ काढायचा आणि जगभर कार्यक्रम करायचा. जुना मोजा आणि दोन बटणं घेऊन सुरुवात करा; पात्र सापडल्यावर त्याला शोभेल असा बाहुला बनवून घ्या. आधी बाहुला आणला की त्याच्या चेहऱ्याला साजेसा स्वभाव शोधत बसावं लागतं.

राहिले ते २१ दिवस. ओठ स्थिर ठेवण्यात तेवढ्यात बरीच प्रगती होईल, नाही म्हणत नाही. पण ‘घसा आवळून’ हा भाग धोक्याचा आहे, लहान मुलांसाठी तर फारच. बाहुल्याचा आवाज वेगळा करायचा तो स्वराची उंची, नाकातला अनुनाद आणि बोलण्याची लय बदलून. घशावर जोर देऊन नव्हे. सराव थोडा वेळ, मध्ये पाणी, दुखलं की बंद. आवाज बसला आणि तीन आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. बाकी मेसेज पाठवायचा तर पाठवा, पण ती घसा आवळायची ओळ तेवढी खोडून.