लान्झाचा आवाज आणि सिनेमाचा मायक्रोफोन : एका प्रतिक्रियेला उत्तर

हॉलिवूडच्या सिनेमांतून गाजलेला अमेरिकन गायक-नट मारिओ लान्झा याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ज्याने आयुष्यात ऑपेराचे जेमतेम दोन प्रयोग केले त्याला ‘थोर ऑपेरा गायक’ म्हणणं हा ऑपेरावरच अन्याय आहे, त्याचा तो दणदणीत आवाज ही हॉलिवूडच्या मायक्रोफोनची करामत होती, आणि सिनेमातली हलकी गाणी गाऊन त्याने स्वतःच गळा बिघडवून घेतला, तेव्हा त्याच्यासाठी हळहळण्यात अर्थ नाही. तुम्ही स्वतः बारा वर्षं ख्याल शिकताय असंही लिहिलंत, म्हणून दोन ओळींत न आटपता सविस्तर लिहिते आहे.

पहिला मुद्दा मान्य. व्यावसायिक रंगभूमीवर लान्झा फक्त न्यू ऑर्लिन्सला उभा राहिला, एप्रिल १९४८ मध्ये, ‘मादामा बटरफ्लाय’मधला पिंकर्टन म्हणून, आणि तेही दोनच रात्री. त्याआधी १९४२ मध्ये टँगलवूडच्या उन्हाळी संगीत शाळेत वाद्यवृंद-संचालक कूसेवित्स्कींच्या देखरेखीखाली त्याने निकोलायच्या ‘द मेरी वाइव्ज ऑफ विंडसर’मधला फेंटन गायला होता, पण तेव्हा तो एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. फिलाडेल्फियाचा अल्फ्रेडो कोकोझ्झा. आईचं माहेरचं नाव मारिया लान्झा, त्यावरून त्याने आपलं रंगमंचावरचं नाव घेतलं. लेखात ‘ऑपेरा गायक’ होतं तिथे आता ‘टेनर’, म्हणजे उंच पट्टीचा पुरुष गायक, असं केलं आहे.

मायक्रोफोनचं मात्र मला पटत नाही. ज्यात त्याने विख्यात टेनर करूसोची भूमिका केली त्या ‘द ग्रेट करूसो’ या सिनेमाला ध्वनिमुद्रणाचं ऑस्कर मिळालं होतं, त्यामुळे तुमच्या शंकेला आधार नाही असं म्हणणार नाही. पण सिनेमात येण्यापूर्वी, १९४७-४८ मध्ये, तो ‘बेल कांतो ट्रिओ’त गात होता. सोबत सोप्रानो (उंच पट्टीची गायिका) फ्रान्सेस यीन्ड आणि बास-बॅरिटोन (खालच्या पट्टीचा गायक) जॉर्ज लंडन. हा लंडन पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात आणि जर्मनीतल्या बायरॉइटच्या महोत्सवात वाग्नरचे ऑपेरा गाजवणारा माणूस. ऐंशीच्या वर मैफली या तिघांनी गावोगावी केल्या. लंडनसारख्याच्या शेजारी उभं राहून लहान आवाज दोन मैफलींच्या पुढे तग धरत नाही. तुम्ही जुगलबंदीला बसला असाल तर हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

दुसरा पुरावा जानेवारी १९५८ चा, लंडन शहरातल्या रॉयल अल्बर्ट हॉलमधला. ऑर्केस्ट्रा नाही, फक्त कॉन्स्टंटाइन कॅलिनिकॉसचा पियानो. पायाच्या शिरांच्या दुखण्याने तो तेव्हा बेजार होता आणि पुढे पावणेदोन वर्षंच जगायचा होता. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात चिलेआच्या ‘लार्लेझियाना’ या ऑपेरामधला फेदेरिकोचा विलाप ऐका. सुरुवातीला तो जवळजवळ बोलल्यासारखा गातो, शब्द अगदी स्वच्छ, आणि शेवटाकडे जाताना आवाज फुलत जातो तो दमसासाच्या जोरावर. मधेच कुठे सूर किंचित खाली बसतो, कुठे घाई होते. स्टुडिओत हे सगळं पुसता आलं असतं. माझा तर त्या खोटींमुळेच विश्वास बसतो.

तुम्ही १९५४ च्या टेलिव्हिजन कार्यक्रमाचा उल्लेख केलात तो खरा आहे. त्यात त्याने जुन्या ध्वनिमुद्रणांवर नुसते ओठ हलवले आणि वर्तमानपत्रांनी त्याला फाडून खाल्लं. त्याने काही दिवसांतच पत्रकारांना घरी बोलावून समोर गाऊन दाखवलं, आणि पुढच्याच महिन्यात त्याच कार्यक्रमात प्रत्यक्ष गायला. लोकांना आठवतो तो मात्र पहिलाच प्रसंग.

आता हलक्या गाण्यांबद्दल. मला सगळ्यात जास्त इथेच बोलायचं आहे, कारण शास्त्रीय शिकणाऱ्यांकडून हा आक्षेप मी कायम ऐकते. ‘बी माय लव्ह’ हे १९५० चं सिनेमातलं प्रेमगीत, दहा लाखांवर तबकड्या खपल्या. माझ्या मामाने बोटीवरच्या नोकरीत असताना आणलेल्या तबकडीवर मी लान्झा पहिल्यांदा ऐकला तो याच गाण्यात, तेव्हा माझा थोडा पक्षपात धरून चाला. त्या गाण्याचा शेवट कसा होतो? हाय सीवर. टेनरच्या पल्ल्यातला हा धाकाचा स्वर, ज्यासाठी लोक ‘ला बोएम’च्या तिकिटाला पैसे मोजतात. तो तिथे लावायचा तर श्वास, घशाची मोकळीक, मधल्या स्वरांवरून वरच्या स्वरांत जाताना आवाज न फाटू देणं, हे सगळं तेच लागतं. ही शिस्त त्याला एन्रिको रोझातींनी दिली होती, ज्यांच्याकडे पूर्वी थोर इटालियन टेनर जिली शिकला होता. लान्झा त्यांच्याकडे सव्वा वर्ष होता. माझ्या मते त्याची सगळी कमाई त्या सव्वा वर्षाची आहे.

आणि गळा बिघडला म्हणता, तर ‘सेरेनेड’ ऐका. १९५६ चा सिनेमा, म्हणजे हलकी गाणी गाऊन सहा-सात वर्षं झाल्यावरचा. त्यात मेट्रोपॉलिटनची सोप्रानो लिचिया अल्बानेझे हिच्यासोबत त्याने वेर्दीच्या ‘ओतेल्लो’मधला तिसऱ्या अंकातला प्रवेश गायला आहे. आवाज पूर्वीपेक्षा गडद झालाय, खालचे स्वर भरदार झालेत. बिघडलेला गळा ओतेल्लोच्या वाटेला जात नाही.

१९५१-५२ मधल्या त्याच्या साप्ताहिक रेडिओ कार्यक्रमातली पुष्कळ गाणी मलाही ऐकवत नाहीत. तो ओरडतो. पण त्याचं कारण गाण्यांच्या जातीत शोधू नका. दर आठवड्याला नवी गाणी, धड बसलेली नाहीत, आणि उभं राहून गाऊन मोकळं व्हायचं. या धबडग्यात ‘ला त्राव्हियाता’सुद्धा तशीच गायली गेली असती.

इथे मला माझी एक चूक कबूल करायची आहे, आणि ती तुमच्या प्रतिक्रियेमुळेच लक्षात आली. लेखात मी लान्झाच्या वाताहतीचं सगळं खापर एमजीएम या सिनेमा कंपनीवर फोडलं होतं. १९४७ च्या ऑगस्टमध्ये हॉलिवूड बोल या खुल्या रंगमंचावरच्या मैफलीनंतर कंपनीचा प्रमुख लुई मेयर याने त्याला सात वर्षांच्या कराराने बांधून घेतलं, हे खरं. पण तो करार वर्षातले सहा महिने सिनेमासाठी मागत होता. उरलेले सहा त्याचे होते. न्यू ऑर्लिन्सवाल्यांनी त्याला पुढच्या वर्षी ‘ला त्राव्हियाता’साठी बोलावलं होतं. तो गेला नाही. एक अख्खी भूमिका बसवायची म्हणजे आठवडेच्या आठवडे पियानोवाल्यासोबत एकेक पान घोटायचं, मग वाद्यवृंदाचा कंडक्टर, मग बाकीचे गायक. अंग दुखत असलं तरी पडदा आठ वाजता वर जातो. गायकाला वाईट दिवशी कसं गायचं ते रंगभूमी शिकवते. लान्झाला ही शिकवण मिळायच्या आधीच लाखोंचा श्रोता मिळाला. मग वजन वाढवणं-घटवणं, दारू, भांडणं. ‘द स्टुडंट प्रिन्स’ची गाणी १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित करून झाली आणि दिग्दर्शकाशी बिनसून त्याला काढून टाकलं. सिनेमा १९५४ मध्ये आला तेव्हा पडद्यावर एडमंड पर्डम होता आणि आवाज लान्झाचा. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, पण ज्याने आपला चेहरा आणि आवाज मिळून एक नाव कमावलं होतं त्याला ते कसं झोंबलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करते.

१९५७ मध्ये तो रोमला राहायला गेला. तिथल्या ऑपेरा हाऊसशी ‘पाल्याच्ची’ या ऑपेरामधल्या कानिओच्या भूमिकेची बोलणी चालली होती. ७ ऑक्टोबर १९५९ रोजी तो रोममध्येच गेला, वय ३८. पाच महिन्यांनी त्याची बायको बेटी गेली. मागे चार मुलं.

तुम्ही विचारलंत, त्याने मागे ठेवलं काय. बार्सिलोनात सहा वर्षांच्या एका मुलाने ‘द ग्रेट करूसो’ पाहिला आणि घरी येऊन त्यातल्या आरिया, म्हणजे ऑपेरातली एकल गाणी, गायला लागला. त्याचं नाव होजे कारेरास, पुढे जगप्रसिद्ध झालेला टेनर. मोठेपणी त्याने लान्झाच्या आठवणीत मैफली केल्या.

फेदेरिकोच्या विलापाचं ते १९५८ चं ध्वनिमुद्रण तुम्ही ऐकावं एवढीच विनंती. हेडफोनवर नको, घरातल्या साध्या स्पीकरवर, थोडं लांब बसून ऐका. त्यानंतरही तो आवाज तुम्हाला मायक्रोफोनचा वाटला तर तसं जरूर लिहा, मी पुन्हा उत्तर देईन.